गिरणीचा एकच दरवाजा

मुंबईत लोअर परळच्या कुठल्याही जुन्या कापडगिरणीच्या आवारात शुक्रवारी रात्री आठला शिरायला जा, पहिली गाठ पडते ती दरवाजाशी. आत पंधरा-वीस हॉटेलं, बार, कचेऱ्या, आणि त्या सगळ्यांना रस्त्यावरून जोडणारं तोंड एक, फार तर दोन. त्यातूनच टॅक्सी आत जाते, त्यातूनच बाहेर पडते. जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या दुचाक्या तिथेच, भाजीचा टेम्पो तिथेच, पायी येणारी माणसंही तिथेच. लोक वाहतुकीला शिव्या देतात. ही कोंडी मात्र आजची नाही. आवाराचा मूळ नकाशाच असा होता.

गिरणीला दरवाजा एकच ठेवायचा, कारण तिथे माणसं मोजली जात. पाळीवर येताना पास बघितला जाई, सुटताना झडती होई. सुताची बॉबिन किंवा कापडाचा तुकडा बाहेर जाऊ नये म्हणून भिंती उंच, आणि बदलीवाले रोज सकाळी त्याच दाराशी उभे, आज काम मिळतं का ते बघायला. हजारो माणसांना एका तोंडातून आत घ्यायचं आणि भोंगा झाला की त्याच तोंडातून बाहेर सोडायचं, ही रचना पायी चालणाऱ्या आणि घड्याळाने बांधलेल्या माणसांसाठी होती. आज तिथे प्रत्येक जण आपल्या वेळेला येतो, आणि गाडीत बसून येतो. गिरणगावात, म्हणजे गिरण्यांच्या या जुन्या पट्ट्यात, संध्याकाळ घालवायची असेल तर हे मनात धरून निघावं. इथल्या जागा कापडासाठी बांधल्या होत्या. तुमचं जेवण, तुमच्या कानांना होणारा त्रास, पावसात डोक्यावर पडणारं पाणी आणि संकटात बाहेर पडायची वाट, सगळं त्या मूळ बांधकामावरून ठरतं.

म्हणून पहिली गोष्ट अगदी साधी. टॅक्सी आत नेऊ नका. सेनापती बापट मार्गावर उतरा आणि दरवाजातून चालत जा. गर्दीच्या वेळी दरवाजापासून हॉटेलच्या दारापर्यंत गाडीला वीस मिनिटं लागली तरी पायी ते अंतर तीन-चार मिनिटांचं असतं. परतताना तर हे जास्तच खरं. ॲपवर गाडी बोलावताना उतरण्याचं-चढण्याचं ठिकाण आवाराच्या आतलं येऊ देऊ नका. खूण हाताने सरकवून मुख्य रस्त्यावर आणा. नाही तर चालक दरवाजाबाहेर, तुम्ही आत, आणि दोघेही फोनवर, असं होतं.

त्याहून बरं म्हणजे रेल्वेने जाणं. पश्चिम रेल्वेचं लोअर परळ स्थानक फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांपासून चालण्याच्या अंतरावर आहे, स्थानकाच्या पश्चिमेला. मध्य रेल्वेने येणाऱ्याने करी रोडला उतरावं आणि ना. म. जोशी मार्गाने, म्हणजे जुन्या लोकांच्या डिलाईल रोडने, चालत यावं. रुळांवरचा डिलाईल रोडचा पूल २०१८ च्या जुलैमध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. त्यामुळे मधल्या काळातले नकाशे आणि सल्ले आता निकामी आहेत. मेट्रो ३ मुळे वरळीच्या बाजूने आचार्य अत्रे चौक स्थानकाचा पर्याय मिळाला आहे. तिथून चालणं जरा लांब पडतं, पण संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. सेनापती बापट मार्गाला अजूनही तुळशी पाइप रोड म्हणणारे लोक आहेत. तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारी नळवाहिनी या रस्त्याने गेली, म्हणून ते नाव. रिक्षा इकडे नाही. ती बेटाच्या या भागात चालत नाही, हे पुणे-नाशिकहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. ताडदेवला ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी असा सलग पट्टा धुराड्यांनी भरला आणि त्याला गिरणगाव हे नाव पडलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणीत फक्त मोकळी जमीन धरायची असं झालं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळं खात्यांनी, गोदामांनी व्यापलेलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. लोअर परळला आज बाग कमी आणि काचेचे मनोरे जास्त का दिसतात, याचं मोठं कारण या एका दुरुस्तीत आहे. शहराच्या मधोमध मिळालेली एवढी सलग जमीन पुन्हा मिळणार नव्हती. ती अशी हातची गेली, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आता आत या. गिरणीच्या इमारती दोन जातींच्या. कताईखातं बहुधा मजल्यांवर मजले असलेलं, दगडी किंवा विटांचं, खिडक्यांच्या लांबलचक रांगांचं. विणाईचं खातं, म्हणजे साळखातं, जमिनीवर एकमजली. यामागे दोन कारणं होती. साचे, म्हणजे माग, एका लयीत जोराने हलत. शेकडो साचे वरच्या मजल्यावर ठेवले तर इमारतीला हादरे बसत. दुसरं कारण उजेडाचं. तुटलेला धागा साचेवाल्याला लगेच दिसायला हवा, त्यासाठी सगळीकडे सारखा, सावली न पाडणारा प्रकाश हवा. तो छतातूनच येऊ शकतो.

म्हणून साळखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची एक बाजू तिरकी, पत्र्याची किंवा कौलांची. दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची, आणि त्या काचांचं तोंड उत्तरेला. आपल्याकडे सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन थेट आत येत नाही, नुसता उजेड येतो. ऊन आलं असतं तर एका साच्यावर झळाळी आणि शेजारच्यावर अंधार पडला असता, शिवाय सूतही वाळलं असतं. वाळलेलं सूत तुटतं. विणाईला हवेत ७०-८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. म्हणून बाजूच्या भिंतींना खिडक्या कमी, असल्या तरी बंद, आणि आत पाण्याचे फवारे. कामगार दिवसभर त्या वाफाऱ्यात उभा असे.

जिथे असं छप्पर राखलं आहे तिथे संध्याकाळी साडेपाच-सहाला जाऊन बसा. सात वाजता दिवे लागले की ते दिसेनासं होतं. वर बघा. दोन दातांच्या मध्ये जी खोलगट पन्हळ असते तिथे पावसाचं पाणी जमतं. ते खाली उतरायला बऱ्याच ठिकाणी बिडाचे पोकळ खांबच नळासारखे वापरलेले असत. खांबाजवळ गेलात तर वरच्या भागात भोकं किंवा कापलेले बोल्ट दिसतील. तिथे लांबच्या लांब फिरणारा दांडा टांगलेला असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक साच्यापर्यंत जात. खांबांमधलं अंतर साचा आणि त्याच्या बाजूची चालायची जागा यांच्या हिशोबाने ठरलेलं असे. आज त्याच अंतरात चार खुर्च्यांचं टेबल ठेवलं की सेवकाला ताट घेऊन जायला जेमतेम वाट उरते. टेबलं खांबाला खेटलेली दिसतात ती म्हणूनच.

या छपराचा दोषही तिथेच आहे. पन्हळीत पानं, प्लास्टिक, कबुतरांची घाण साचते. जुलैत एखाद्या दिवशी जोराचा पाऊस कोसळला की पाणी काठावरून आत उतरतं. नवीन हॉटेलवाले खाली खोटं छत लावून गळती झाकतात. मग पाणी त्या छतावर साठतं आणि भलत्याच जागी टपकतं, कधी विजेच्या दिव्याच्या भोकातून. पावसाळ्यात टेबल निवडताना वर बघून छतावर पिवळट, गोल डाग आहेत का ते तपासा. डागाखाली बसू नका, आणि जवळ दिवा असेल तर दाखवून द्या.

दुसरा दोष आवाजाचा. दगडी भिंती, पत्र्याचं छत, फरशी, काच. आवाज शोषेल असं काही नाही. साळखात्यात साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, कामगार हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून समजून घेत, आणि पुष्कळांची ऐकण्याची ताकद कायमची गेली. तीच जागा, आणि आता तिथे स्पीकर लावलेले. रात्री नऊनंतर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघते. बोलायला जायचं असेल तर साडेसातचं टेबल घ्या आणि नऊ-सव्वानऊला उठा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जिथे छताला कापड, लाकूड किंवा फेल्टचे पट्टे लावले आहेत अशी जागा फोनवर विचारून ठरवा. लोखंडी पोटमाळ्याच्या खाली आवाज कमी येतो, पण छत ठेंगणं होतं आणि स्वयंपाकघराची उष्णता तिथेच अडकते.

धुराडं बघायचं तर फिनिक्सच्या आवारात. १९०५ साली सुरू झालेली ही गिरणी, आणि मॉलच्या मधोमध तिचं विटांचं धुराडं ठेवलेलं आहे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईत आली आणि गिरण्या हळूहळू वाफेच्या इंजिनांवरून विजेवर गेल्या. धुराडी तरी निघत राहिली, कारण वाफ लागतच होती: ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायला, कापड धुवायला, रंगवायला. आवारात एखाद्या इमारतीचं नाव ‘प्रोसेस हाऊस’ दिसलं तर ती या ओल्या कामांची जागा होती असं समजावं. कमला मिलमधल्या प्रोसेस हाऊसमध्ये २०१५ पासून बॉम्बे कँटीन आहे. देशभरच्या प्रादेशिक पदार्थांना नव्या पद्धतीने मांडणारं हे हॉटेल, आणि या पट्ट्यात जेवणाकडे गांभीर्याने बघणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक.

आवारातलं जेवण महाग आहे. भाडं जबर, आणि हॉटेलं उघडतात-मिटतात झपाट्याने, त्यामुळे वर्षभरापूर्वीची शिफारस घेऊन निघण्याआधी फोन करून जागा चालू आहे का ते विचारा. आठवड्याच्या दिवशी दुपारी एक ते अडीच कचेऱ्यांची गर्दी. सव्वाबाराला जा किंवा पावणेतीननंतर. बिल आल्यावर तीन ओळी नीट वाचा. जेवणावर जीएसटी साधारण ५ टक्के. पंचतारांकित हॉटेलच्या आत, जिथे खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथे १८ टक्के. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून तो वेगळा दिसतो. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. नको म्हटलं तर काढावं लागतं. मद्याबाबत महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१ आणि बाकीच्याला २५ पूर्ण लागतं, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा.

आता आगीबद्दल, आणि इथे घाई नको.

गिरणी बांधणाऱ्यांना आगीची धास्ती होती. कापसाचा तूस हवेत उडतो, तेलकट लाकडी जमिनीवर बसतो, आणि कापसाच्या गाठीतला एखादा लोखंडी तुकडा यंत्रात घासला तरी ठिणगी पडते. म्हणून जिथे कापूस पिंजला जाई ते ब्लो रूम जाड भिंतींनी बाकीच्या खात्यांपासून तोडलेलं असे. जिना इमारतीच्या पोटात न ठेवता कोपऱ्यातल्या मनोऱ्यात असे, म्हणजे धूर जिन्यात भरू नये. त्याच मनोऱ्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी, छताखालच्या फवाऱ्यांना दाब मिळावा म्हणून. जुन्या कताईखात्याच्या कोपऱ्यात चौकोनी बुरूज दिसला तर तो शोभेसाठी नव्हता, हे आता तुम्हाला कळेल.

याच आवारांत २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, कमला मिलमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर आग लागली आणि १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्या आणि पेट घेणारे पडदे यांचा उल्लेख आहे. गेलेल्यांपैकी बहुतेक गुदमरून गेले, स्वच्छतागृहात आसरा घेतलेले. शंभर वर्षांपूर्वीचा गिरणीमालक कामगारांच्या जिवापेक्षा यंत्रांच्या किमतीची काळजी करत असेल, पण त्याने जिना तरी वेगळा बांधला होता. गच्चीवर बांबू, ताडपत्री आणि कापड चढवणाऱ्यांनी तेवढंही केलं नाही. चौदा घरांत त्या रात्रीनंतर काय उरलं असेल, याचा विचार मनात ठेवून तरी आत शिरताना दोन मिनिटं खर्च करावीत.

बसण्याआधी दुसरी वाट शोधा. पहिली ती, जिथून आलात. दुसरी बहुधा स्वयंपाकघरामागून किंवा बाजूच्या लोखंडी जिन्याने असते. नुसता हिरवा ‘बाहेर’चा दिवा बघून थांबू नका, तिथपर्यंत चालत जा. दाराला कुलूप आहे का, पलीकडे रिकामे क्रेट आणि गॅसचे सिलिंडर रचले आहेत का, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, हे बघा. छताला झावळ्या, कापड, प्लास्टिकची फुलं लटकवलेली असतील आणि मेणबत्त्या किंवा ज्वाळांचे खेळ चालू असतील तर ती जागा सोडा. अशा वेळी व्यवस्थापकाशी वाद घालण्यापेक्षा उठून जाणं सोपं. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून कायद्याने बंदी आहे. कुठे दिसला तर तिथे बाकीचे नियमही पाळले जात नसणार. धूर झाला तर वाकून, भिंतीला हात लावत बाहेरच्या दाराकडे जा. स्वच्छतागृहात शिरू नका, तिथे खिडकी नसते आणि धूर मात्र झडपेतून येतो. आणि गच्चीवर बसलात तर लिफ्ट किती माणसांची आणि जिना किती रुंद, हे वर जातानाच बघून ठेवा. शंभर माणसं चार फुटी जिन्यात एकदम शिरली की काय होतं, ते या भागाने २०१७ च्या सप्टेंबरमध्येच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाहिलं होतं. तिथे चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या स्थानकाचं नाव आता प्रभादेवी आहे.

गिरणगावचं खाणं बघायचं तर भिंतीच्या बाहेरही जायला हवं. कामगार आले कोकणातून, साताऱ्याहून, सांगली-कोल्हापूरकडून. बायकामुलं गावी, हे इथे. त्यांच्यासाठी खानावळी चालत, आणि त्या चालवत बायका, बहुतेक राहत्या घरातच. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचं जेवण, आणि पाळीप्रमाणे वेळा. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. त्यामुळे खानावळवाल्या बाईची चूल जेमतेम विझायची. पहाटे पहिल्या पाळीच्या भाकऱ्या, दुपारी दुसऱ्या पाळीवर जाणाऱ्यांची पंगत, मध्यरात्री सुटून आलेल्यांसाठी झाकून ठेवलेलं ताट. किराणा उधारीवर, त्यासाठी सावकाराचं व्याज, आणि गिरणीचा पगार लांबला की खानावळीचे पैसेही लांबले. या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावच्या खाद्यसंस्कृतीबद्दल लिहिताना वडापावचं नाव आधी घेतलं जातं. अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो विकायला सुरुवात केली, असं सांगतात, आणि पाळीवर जाता-जाता एका हातात मावणारं खाणं म्हणून तो इथे रुजला. पण या वस्तीला दोन वेळा पोटभर जेवू घातलं ते खानावळवाल्यांनी, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

आज त्या घरगुती खानावळी फारच थोड्या उरल्या, तरी त्यांची चव करी रोड, लालबाग, परळच्या छोट्या मालवणी हॉटेलांत सापडते. दुपारी बाराला दार उघडतं आणि मासे दोन-अडीचपर्यंत संपतात, म्हणून उशीर करू नका. सुरमई किंवा बांगड्याचं ताट घ्या, आमटी तिखट वाटली तर सोलकढी मागून घ्या. कोंबडी-वडे बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच. सोमवारी आणि श्रावणात मांसाहारी ताटांची रांग रोडावते. नारळी पौर्णिमेआधीच्या मासेमारी बंदीच्या दिवसांत ताजी सुरमई मिळते असं कोणी म्हणालं तर ती बर्फातली असणार. त्या दिवसांत सुकट, बोंबील आणि कालवणाच्या भाज्या खाव्यात.

लालबागच्या चिवडा गल्लीत सकाळी दहा-अकराला जा. भट्ट्या तेव्हा चालू असतात आणि चिवडा कोमट मिळतो. पोहे भाजलेले की तळलेले ते विचारा. तळलेला लवकर खवट होऊ लागतो, भाजलेला जास्त दिवस टिकतो. शेजारची मसाल्याची दुकानं मार्च ते मे या काळात बघण्यासारखी. बायका घरून ठरवूनच येतात: रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा गुंटूर, मग धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर. मिरच्या उन्हात कडक झाल्या आहेत का ते कानाशी नेऊन हलवतात. बिया खुळखुळल्या तर वाळल्या. ओलसर मिरची कांडपात घातली तर मसाला गुठळ्या धरतो आणि पावसाळ्यात बुरशी येते. कांडपाला दिल्यावर तिथेच उभं राहायचं, नजर हटवायची नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा उरलेला मसाला आपल्यात मिसळतो. म्हणून जाणत्या बायका पहिली मूठ बाजूला काढायला लावतात. नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या त्या बायकांच्या रांगेत अर्धा तास थांबलात तर या वस्तीबद्दल जे कळेल ते आवारातल्या कुठल्याही हॉटेलच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या बॉबिनींवरून कळणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र खाण्यासाठी म्हणून लालबागला जाऊ नका. १९३४ पासूनच्या लालबागच्या राजाची रांग आणि वाहतुकीचे बदल यांत खाणं बाजूलाच राहतं. दर्शनाला जायचं तर दर्शनालाच जावं.

मुक्काम करायचा तर दोन टोकं आहेत. फिनिक्सच्या आवारातच सेंट रेजिस हे पंचतारांकित उभं आहे. अशा उंच हॉटेलात खोली मागताना समुद्राकडची मागा. रुळांच्या बाजूला रात्री एकपर्यंत आणि पहाटे चारनंतर लोकल धावतात. बेताच्या पैशात राहायचं तर दादर गाठा. लोअर परळहून प्रभादेवी आणि मग दादर, एवढंच अंतर, आणि तिथल्या साध्या लॉजमध्ये खोली आधी बघून घ्यायची पद्धत आहे. खिडकी उघडते का, पाणी किती वाजता येतं, चोवीस तासांचा हिशोब की दुपारी बाराला खोली सोडायची, हे विचारून मगच पैसे द्या.

याच भागात मुक्कामाची तिसरी तऱ्हा होती, आणि काही प्रमाणात अजून आहे. गावाची खोली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चाळीत खोली घ्यायची आणि गावातल्या कोणीही मुंबईला आलं की तिथे पथारी टाकायची. भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची पेटी भिंतीशी, जेवण खानावळीत. दहा बाय बाराच्या अशा खोलीत वीस-पंचवीस जण राहत, ते शक्य होई पाळ्यांमुळे. एक जण उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा निजे. नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या चाळींत, खोली १६० चौरस फुटांची, एका चाळीत ८० खोल्या. शिवडी सोडून बाकीच्या तीन ठिकाणी पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज लाखाच्या पुढे होते. ज्यांचे अर्ज अजून फायलीत आहेत त्यांतले पुष्कळ जण आता हयात नाहीत.

करमणुकीचं सांगायचं तर मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं होतं. गोदामाच्या पोटात गोल-गोल बैठका उतरत्या क्रमाने मांडलेल्या, प्रत्येकीतून मंच दिसावा अशा. आवाजाचा विचार आधी करून मग खुर्च्या मांडलेली ही या पट्ट्यातली विरळा जागा. २०१६ मध्ये ती इथून गेली. आता थेट गाणं ऐकायचं तर कार्यक्रम त्या दिवशीचा बघून जावं, आणि उघड्यावरचं संगीत रात्री दहाला बंद होतं हे धरूनच वेळ आखावी. गच्चीवरच्या कार्यक्रमाचं तिकीट नऊचं असेल तर तासाभराचेच पैसे वसूल होतात. करी रोडला उतरून लालबागच्या बाजूला भारतमाता चित्रपटगृह आहे, मराठी चित्रपटांचं जुनं ठिकाण. कामगार कुटुंबांनी जगवलेलं. तिथे मॉलमधल्या पॉपकॉर्नपेक्षाही कमी पैशांत तिकीट मिळतं. चित्रपट कोणता लागला आहे ते बघा, आणि आवडीचा असेल तर संध्याकाळ तिथेच घालवा.

शेवटची लोकल साडेबारा-एकच्या दरम्यान. बार दीडपर्यंत चालतात, म्हणजे शेवटपर्यंत बसणाऱ्याला गाडीवरच अवलंबून राहावं लागतं, आणि त्या वेळी भाडी चढलेली असतात. तास-सव्वा तास आधी उठलात तर स्टेशनही गाठता येतं. उशीर झालाच तर दरवाजाबाहेर, दिव्याखाली उभं राहून गाडीची वाट बघा. दोनच्या सुमारास आतले दिवे मालवतात आणि काम करणारी मुलं बाहेर पडू लागतात, स्वयंपाकघरातली, भांडी घासणारी, टेबलं पुसणारी. पायांत चपला, पाठीला पिशव्या. दरवाजाशी रखवालदार टेबल मांडून बसलेला असतो. एकेक जण रांगेत पुढे येतो, पिशवी उघडून दाखवतो, हात वर करतो, आणि रस्त्यावर उतरतो.